रिकाम्या जागा भरा

"आपल्या पोरांना इंग्रजी येत नाही." हे वाक्य आता बंद करा. मास्तर म्हणतो, पुढारी म्हणतो, क्लासवाला म्हणतो, समाजकार्य करणारी ताई मान हलवत म्हणते, आणि सगळ्यांचं ऐकून ऐकून शेवटी आमचा बापही म्हणायला लागतो. आधी या वाक्याची सालं काढू, मग पुढचं बोलू.

मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराकडं माल चढवतो, उतरवतो. रात्री कविता लिहितो. गोदीत ज्याला सही येत नाही असा म्हातारा हमालसुद्धा दिवसभर इंग्रजीत राबतो. हॅच उघडतो, विंच फिरतो, स्लिंग लागते, टॅली होते, शिफ्ट सुटते. खोक्यावर छत्री छापलेली दिसली की त्याला कळतं, याला पाणी लागता कामा नये. ग्लास दिसला की कळतं, आत फुटणारा माल आहे. 'यूज नो हुक्स' ही अक्षरं तो वाचत नाही, ओळखतो, आणि हूक बाजूला ठेवून खोकं छातीशी धरतो. कुठल्या शाळेनं शिकवलं त्याला? पोटानं शिकवलं.

म्हणजे इंग्रजी आमच्यापासून दूर नाही. ती आमच्या पाठीवरून रोज जाते. आम्हाला जी येत नाही ती परीक्षेची इंग्रजी. आणि ती का येत नाही याचा हिशोब मागितला की सगळे गप्प.

आकडे घ्या. बँकेच्या कारकुनी भरतीची पूर्वपरीक्षा. एकूण १०० प्रश्न, त्यात ३० इंग्रजीचे, वेळ २० मिनिटं. एका प्रश्नाला ४० सेकंद. उत्तर चुकलं की पाव मार्क कापला. इंग्रजीचा कट-ऑफ वेगळा. गणितात तू कितीही वर जा, इंग्रजीत खाली आलास की खल्लास. २०२१ साली केंद्र सरकारनं या भरतीचे पेपर मराठीसकट १३ प्रादेशिक भाषांत घ्यायचं ठरवलं, टाळ्या पडल्या. पण इंग्रजीचा विभाग जिथल्या तिथं उभा. स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांची परीक्षा घ्या. पहिल्या टप्प्यात १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे, दुसऱ्या टप्प्यात ४५ प्रश्न आणि १३५ मार्क. लोकसेवा आयोगाची नागरी सेवा घ्या. मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० मार्कांचा सक्तीचा पेपर. त्याचे मार्क यादीत धरत नाहीत, पण २५ टक्के पडले नाहीत तर तुझे बाकीचे पेपर विचारातच घेत नाहीत.

आता सांगा, परभणीच्या बँकेत कापसाचे पैसे काढायला आलेल्या शेतकऱ्याशी कारकून कुठल्या भाषेत बोलणार आहे? तिथं त्याला 'लेस्ट'नंतर 'शुड' येतं हे माहीत नसलं तर कुणाचे पैसे बुडणार आहेत?

माझ्या पाळीत एक दोस्त आहे. बी. ए. झालेला. चौदा ट्रकांच्या वजनाची बेरीज तोंडी करतो आणि एक किलोनं चुकत नाही. एका भरतीत गणितात, बुद्धिमापनात पार झाला, इंग्रजीत दीड मार्कानं गेला. आज तो पोत्याखाली आहे, आणि टॅली क्लार्कला बेरीज जमत नाही तेव्हा क्लार्क त्यालाच हाक मारतो. दीड मार्क! एका माणसाची तीस वर्षं, त्याच्या पोरांची शाळा, त्याच्या आईचं औषध, सगळं त्या दीड मार्कात गेलं. याला तुम्ही गुणवत्ता म्हणता. आम्ही याला चाळण म्हणतो.

चाळण कशी चालते तेही बघा. एक साधा प्रश्न. 'आवर' या शब्दाआधी 'अ' की 'अॅन'? 'युनिव्हर्सिटी'आधी 'अ' की 'अॅन'? पुस्तक म्हणतं, स्वर आला की 'अॅन'. आमचा पोरगा स्पेलिंग बघतो. 'आवर'चं पहिलं अक्षर एच, व्यंजन, म्हणून तो 'अ' लिहितो. 'युनिव्हर्सिटी'चं पहिलं अक्षर यू, स्वर, म्हणून 'अॅन' लिहितो. दोन्ही चूक. कारण नियम अक्षराचा नाही, आवाजाचा आहे. 'आवर'मधला एच मुका, 'युनिव्हर्सिटी' सुरू होते 'य'च्या आवाजानं. ज्याच्या घरात हे शब्द रोज बोलले जातात त्याला नियम पाठ करावा लागत नाही, त्याच्या कानातच तो असतो. ज्यानं हे शब्द फक्त फळ्यावर पाहिले त्याच्याकडं स्पेलिंगशिवाय काय आहे? म्हणजे हा प्रश्न व्याकरणाच्या नावाखाली तुझं घर तपासतो. तुझ्या घरात कोण काय बोलतं, जेवताना टीव्हीवर काय लागतं, मामा-काका कुठल्या ऑफिसात बसतात, हे सगळं त्या एका रिकाम्या जागेत भरायचं असतं.

२००० साली महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणली. माझी पिढी त्याच इंग्रजीवर वाढली. दहा वर्षं बाकावर बसलो. दहा वर्षांत धड्याचं भाषांतर सांगितलं गेलं, प्रश्नाचं उत्तर फळ्यावर आलं, आम्ही ते उतरवलं, गाईडमधून जुळवलं, पाठ केलं, ओकलं. दहा वर्षांत एकाही मास्तरनं मला इंग्रजीत असा एक प्रश्न विचारला नाही, ज्याचं उत्तर त्याला आधीच माहीत नव्हतं. "काल घरी काय केलंस? बाप कामावर गेला का? तुला काय वाटतं?" एवढंच विचारलं असतं तरी पोरगा तोडकंमोडकं बोलला असता. भाषा तोंडात शिरते ती अशी. आम्हाला भाषेची तिरडी बांधायला शिकवली, भाषा शिकवली नाही.

आता इथं दोन-चार मंडळी खाकरून उठतील. एकेकाला घेऊ.

पहिले येतात मातृभाषावाले. "मराठीत शिका, मराठीत विचार करा, इंग्रजीची गुलामी कशाला?" २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा यांनी पेढे वाटले. वाटा बाबा. मराठी आमचीही आहे. तुकाराम आमचा, जनाबाई आमची, चोखामेळा तर आमचाच. पण पेढे वाटून झाल्यावर यांचा नातू कुठल्या शाळेच्या बसमध्ये चढतो ते बघा. स्वतःच्या पोराला इंग्रजी शाळा आणि वस्तीतल्या पोराला मायबोलीचं प्रेम! पूर्वी संस्कृत आमच्या कानावर पडू नये म्हणून बंदोबस्त होता, आता इंग्रजी पडू नये म्हणून प्रवचन आहे. ज्या दिवशी तुम्ही बँक, कोर्ट, आयोग, दवाखान्याचे कागद, ठेकेदाराचा करार, सगळं मराठीत आणाल, त्या दिवशी आम्ही तुमच्या प्रवचनाला पुढच्या रांगेत बसू. तोवर नाही.

दुसरे येतात क्लासवाले. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. पोस्टरवर टाय घातलेला गोरा पोरगा. फी भरायला आई कानातलं मोडते. क्लासात मिळतात पाचशे शब्दांची झेरॉक्स आणि शॉर्टकट. हा आमच्या भीतीवर चाललेला धंदा आहे. आधी शाळेनं न शिकवायचं, मग बाजारानं तेच विकायचं. सरकारनं नळ तोडायचा आणि टँकरवाल्यानं पाणी विकायचं, तसलं हे.

तिसरे आपलेच भाऊ आहेत, म्हणून जरा दमानं बोलतो. २०१० साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावात इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं. एका हातात पेन, एका हातात पुस्तक, पाय संगणकावर. मेकॉलेचा वाढदिवस साजरा करणारेही आपल्यात आहेत. यामागची भूक मला समजते. ज्या गावात आजवर पुस्तकच हातात पडू दिलं नाही, तिथं पुस्तकवाली बाई देवी वाटणारच. पण दोस्तांनो, १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि देव बुडवले, ते नवी देवी बसवण्यासाठी नव्हे. देवीला नारळ फोडतात, नवस बोलतात, आणि ती पावली नाही तर आपलंच पाप म्हणतात. इंग्रजीचं तेच होईल. नापास झालेला पोरगा म्हणेल, माझंच नशीब फुटकं. इंग्रजी हे हत्यार आहे. हत्याराची पूजा खंडेनवमीला करणारे करोत. आपण त्याला धार लावायची.

आणि मेकॉलेला आपली कणव होती अशी कुणाची समजूत असेल तर काढून टाका. १८३५ साली त्यानं टिपण लिहिलं ते साहेबाच्या राज्याला मधले दलाल हवे होते म्हणून. रंगारूपानं इथले, डोक्यानं तिथले. वरच्या थराला शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असा हिशोब होता. वरच्यांनी हंडा भरून घेतला आणि बुडाला लाख लावली. एक थेंब झिरपला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी हेच बिनतोड मांडलं. पैसा राबणाऱ्याच्या सारातून येतो आणि कॉलेजं भरतात ती वरच्यांच्या पोरांनी, आधी सगळ्यांना प्राथमिक शिक्षण द्या. आणि सावित्रीबाईंनी तर १८५४ सालीच 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून कविता लिहून ठेवल्या. या दोघांना साहेबाचा हेतू कळत नव्हता असं नाही. कुलूप कुणी लावलं आणि किल्ली कुणाच्या कारखान्यात बनली हे त्यांना ठाऊक होतं. तरी किल्ली घ्या म्हणाले, कारण दुसऱ्या दारांवर तर शास्त्रांचाच पहारा होता.

चौथे म्हणतात, "व्याकरण, घोकंपट्टी हे सगळं भटशाही आहे. आपण कार्यकर्ते, आपण रस्त्यावरची माणसं." हे ऐकलं की मला परळची ती एक खोली दिसते, जिथं रामजी सुभेदार पोराला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवायचे. पोराला संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. १९०७ साली तो पोरगा मॅट्रिक झाला. चरित्रकारांनी त्याचे मार्क नोंदवलेत, ७५० पैकी २८२. आजच्या कुठल्याही कट-ऑफच्या तागडीत घाला, भीमराव रामजी आंबेडकर बाद! आणि त्याच माणसानं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी जात मोडण्यावरचं भाषण इंग्रजीत लिहिलं, मंडळ घाबरलं, सभा रद्द झाली, तर स्वतः छापून जगासमोर टाकलं. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, परीक्षेचे मार्क म्हणजे माणूस नव्हे. दोन, पहाटे दोनचा अभ्यास चुकत नाही. पहिली गोष्ट भाषणात सांगायची आणि दुसरी विसरायची, हा आपल्या चळवळीचा जुना रोग आहे.

मग अभ्यास करायचा कसा? इथं माझं खरं म्हणणं आहे. परीक्षेची इंग्रजी शिकायची ती परीक्षेच्या डोक्यानं नव्हे, आपल्या डोक्यानं. उदाहरणं देतो.

शब्दांपासून सुरू करू. प्रत्येक क्लासच्या झेरॉक्समध्ये दोन शब्द असतात. 'पंडिट', अर्थ तज्ज्ञ, जाणकार. 'पारायह', अर्थ बहिष्कृत, समाजातून टाकलेला. पोरं घोकतात. पंडिट म्हणजे एक्सपर्ट, पारायह म्हणजे आउटकास्ट. कुणी सांगत नाही की पहिला शब्द आपला पंडितच आहे आणि दुसरा तमिळ मुलखातली परैयर ही जात. परई नावाचं वाद्य वाजवणारी, आपल्यासारखीच गावाबाहेर ठेवलेली माणसं. जात बोटीत बसून विलायतेला गेली आणि तिथल्या कोशात जाऊन बसली. ब्राह्मण तिथंही तज्ज्ञ झाला, अस्पृश्य तिथंही टाकलेला. आणि आज त्याच जातीचा पोरगा समानार्थी शब्द म्हणून त्यावर खूण करतो आणि एक मार्क मिळवतो! करायची खूण, मार्क सोडायचा नाही. पण कशावर खूण केली हे माहीत असू दे.

विलायतेतही हेच. 'व्हिलन' म्हणजे खलनायक. मुळात हा शब्द जमीनदाराच्या रानात राबणाऱ्या वेठबिगाराचा. 'नोबल' म्हणजे उमराव घराण्यातला, आणि नोबल म्हणजेच सज्जन. राबणारा तो बदमाश, बसून खाणारा तो सज्जन. गोऱ्यांच्या भाषेलाही वर्ण आहेत भाऊ.

पण दुसऱ्या बाजूचेही शब्द त्याच यादीत आहेत. 'स्ट्राइक'. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं खाली उतरवली. शिड उतरवण्याला इंग्रजीत स्ट्राइक म्हणत, तिथून संपाला हा शब्द लागला. बंदरातल्या कामगारांनी इंग्रजी भाषेला दिलेला शब्द आहे तो. 'बॉयकॉट' घ्या. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी ठरवलं, याच्या शेतात राबायचं नाही, याला कुणी सामान विकायचं नाही, याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याचं नावच क्रियापद झालं. आपल्याकडं बहिष्कार गावानं आपल्यावर टाकायचा, म्हणून तर १९२७ साली बाबासाहेबांनी पत्राचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं. तिकडं राबणाऱ्यांनी तोच बहिष्कार मालकाच्या माणसावर उलटवला. असा शब्द शिकवला तर कुठला पोरगा विसरेल? घोकायची गरजच पडणार नाही.

आता व्याकरण. कर्तरी आणि कर्मणी, अॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह. प्रश्न येतो, वाक्याचा प्रयोग बदला. पुस्तक सांगतं, कर्ता महत्त्वाचा नसेल किंवा माहीत नसेल तर 'बाय' आणि त्यापुढचं गाळा. गोदीत माणूस जखमी झाला की कागदावर काय येतं? 'अ लेबरर वॉज इंजर्ड.' मजूर जखमी झाला. कुणी केला? सुटलेली स्लिंग कुणी तपासली नव्हती? सलग दुसरी पाळी कुणी करायला लावली होती? 'बाय' गाळला. कर्ता गाळला. आमच्या ठेकेदाराच्या करारात लिहिलेलं असतं, 'शॅल नॉट बी हेल्ड लाएबल', जबाबदार धरलं जाणार नाही. कोण धरणार नाही, कोणाला धरणार नाही, सगळं त्या कर्मणी प्रयोगाच्या पोटात. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला, नोंदणी आली, रोजगाराला हमी आली. आज आमच्यासारखे ठेक्यावरचे लोक कुठल्या कागदावर अंगठा देतात ते त्यांना वाचता येत नाही. म्हणून म्हणतो, पॅसिव्ह व्हॉइस शिका. परीक्षेत दोन मार्कांसाठी शिका आणि बाहेर गाळलेला कर्ता शोधण्यासाठी शिका. ज्याला कर्ता शोधता येतो त्याला फसवणं अवघड.

आणि उतारा. रीडिंग कॉम्प्रिहेन्शन. इथं आपली हुशार पोरं जास्त मार खातात, कारण ती खरं बोलतात. उताऱ्यात लिहिलेलं असतं, मेहनत केली की माणूस श्रीमंत होतो. खाली प्रश्न, लेखकाच्या मते श्रीमंतीचं कारण कोणतं? आमच्या विहारातला एक पोरगा 'वारसा' या पर्यायावर खूण करून मोकळा. मी विचारलं, का रे? म्हणाला, माझा बाप मेहनत करून मेला, श्रीमंत झाला का? त्याचं खरं होतं. मार्क गेला. त्याला मी सांगितलं ते सगळ्यांना सांगतो. परीक्षेचा उतारा तुला काय माहीत आहे ते विचारत नाही. त्यानं काय लिहिलंय ते विचारतो. आधी प्रश्न वाच, मग उतारा. 'ऑल', 'नेव्हर', 'ओन्ली' असले शब्द असलेल्या पर्यायाकडं संशयानं बघ, उताऱ्यात तेवढं ठाम म्हटलंय का ते तपास. अडलेल्या शब्दापाशी थांबू नको, पुढच्या-मागच्या वाक्यातून त्याला पकड. नक्की माहीत नसेल तर सोडून दे, पाव मार्क जातो. हॉलमध्ये लेखकाचं उत्तर लिही.

पण हॉलच्या बाहेर आलास की तोच उतारा पुन्हा घे आणि जे प्रश्न पेपरात नव्हते ते विचार. लेखक कोण? कुणाच्या बाजूनं बोलतो? खरं बोलतो का? काय गाळलंय? लेखकाचं म्हणणं काय, हे शंभरदा विचारणारी परीक्षा लेखक चूक आहे का, हे एकदाही विचारत नाही. अशी परीक्षा पास होत होत माणूस हळूहळू साहेबाच्या मनातलं ओळखायला शिकतो आणि स्वतःच्या मनातलं विसरतो. मेकॉलेला हवा होता तो दलाल असाच तयार होतो. आपल्यातले कितीतरी पास झाले आणि असेच झाले. वस्तीतून गेले ते गेले. आता बुद्धजयंतीला गाडीतून येतात, पावती फाडतात, जातात.

त्यांच्यासाठी दोन शब्द. साहेब, तुमची पावती नको. महिन्यातून एक रविवार द्या. तुम्ही ज्या पुस्तकांतून पास झालात ती रद्दीत घालू नका, विहाराच्या कपाटात ठेवा. आमच्याकडं रात्री नऊ ते अकरा पोरं बसतात, दोन-तीन पोरी बसतात, एक जण दिवसभर पॅकिंगच्या कारखान्यात उभी राहून येते. शिकवणारा नाही म्हणून जो दहा पानं पुढं आहे तो मागच्याला शिकवतो. एक नियम ठेवलाय. रोज प्रत्येकानं पाच वाक्यं इंग्रजीत बोलायची, चुकली तर चुकली, हसायचं नाही. हसणाऱ्यानं दहा बोलायची. तुम्ही येऊन बसलात तर तुमचे कान आमच्या कामी येतील. 'आवर'चा मुका एच तुमच्याकडं आहे, तो एकट्यानं खाऊ नका.

आणि कुणाला वाटत असेल की ही चाळण दगडावरची रेघ आहे, तर तेही नाही. २०११ साली नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेत नवा पेपर आला, त्यात इंग्रजीचे उतारे. खेड्यातली, देशी भाषांतून शिकलेली पोरं धडाधड गळायला लागली. २०१३ च्या मार्चमध्ये मुख्य परीक्षेत इंग्रजीचे १०० मार्क थेट गुणवत्तेत धरायचा घाट घातला, बोंब उठली, मागं घ्यावा लागला. २०१४ च्या जुलैत दिल्लीत पोरं रस्त्यावर आली, लाठ्या खाल्ल्या. ऑगस्टमध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की पूर्वपरीक्षेतल्या इंग्रजी उताऱ्यांचे मार्क धरणार नाही. २०१५ पासून तो अख्खा पेपर नुसता पास होण्यापुरता उरला, ३३ टक्क्यांचा. चाळण माणसांनी विणलेली असते, माणसं ओरडली की तिची भोकं मोठी होतात.

म्हणून लढाई दोन हातांची आहे. एका हातात पेन्सिल, कट-ऑफच्या वर जाण्यासाठी. दुसरा हात मुठीचा. ज्या कामाला जेवढी इंग्रजी लागते तेवढीच परीक्षेत विचारा. इंग्रजीचा वेगळा कट-ऑफ काढून टाका. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी बोलणारे, पोरांना बोलू देणारे मास्तर नेमा. वस्तीतल्या अभ्यासिका रात्रभर उघड्या ठेवा, दिवे लावा. हे भीक म्हणून मागत नाही. सार आम्हीही भरतो, माचिसच्या पेटीपासून भरतो.

शेवटी एक लक्षात ठेवा. पेपरात पहिलाच प्रश्न असतो, रिकाम्या जागा भरा. चार पर्याय देतात, एकावर खूण करायची. पण या देशात दुसऱ्याही रिकाम्या जागा आहेत. ऑफिसातल्या, कोर्टातल्या, कॉलेजातल्या खुर्च्या. राखीव म्हणून कागदावर लिहिलेल्या आणि 'लायक उमेदवार मिळाला नाही' या कर्मणी वाक्याखाली गाडलेल्या. कुणाला मिळाला नाही? कुणी शोधला नाही? कर्ता गाळलाय. तो कर्ता शोधायचा, आणि त्या जागा भरायच्या. पेन्सिलीनं नाही भरणार. आपण जाऊन बसलो तरच भरतील.